लेखकाचे देणे

यवतमाळ जिल्ह्यातील वणी या गावी २९ ऑगस्ट १८८० रोजी जन्मलेले, यवतमाळच्या कोर्टात वकिली केलेले, १९३० च्या जुलै महिन्यात पुसदजवळच्या राखीव जंगलातील गवत विनापरवाना कापून तुरुंगात गेलेले, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात सभासद म्हणून बसलेले व गांधीजींच्या १९४३ मधील उपोषणाच्या प्रसंगी त्याच मंडळातून बाहेर पडलेले, आणि स्वराज्य आल्यावर बिहारचे राज्यपालपद सांभाळलेले लोकनायक माधव श्रीहरी अणे यांनी, ज्या वयात बहुतेक मुत्सद्दी आत्मचरित्राची जुळवाजुळव करू लागतात त्या वयात, एक संस्कृत महाकाव्य लिहिले. त्या काव्याचा नायक ते स्वतः नव्हते. लोकमान्य टिळक होते. ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ हे त्या ग्रंथाचे नाव, त्याचे खंड तीन, आणि त्यातील श्लोकांची गणती हजारांत करावी लागते. बापूजी अण्यांचे देहावसान २६ जानेवारी १९६८ रोजी झाले, आणि या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९७३ साली. म्हणजे मानपत्र आले तेव्हा ते स्वीकारण्यास कर्ता उरला नव्हता.

लेखनाच्या ज्या ज्या प्रेरणा आपण सामान्यतः गृहीत धरतो त्यांपैकी एकही या उद्योगाला नीट लागू पडत नाही, हे थोडा विचार करता ध्यानात येईल. कीर्तीची हाव म्हणावी, तर ती त्यांना राजकारणात पुरेशी मिळालेली होती. द्रव्याची अपेक्षा म्हणावी, तर संस्कृत काव्याच्या विक्रीवर विसाव्या शतकात कोणाची चूल पेटली असेल असे वाटत नाही. वाचकांचे प्रेम म्हणावे, तर वाचक हवा असणाऱ्या माणसाला मराठी हाताशी होती. १९२८ साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ज्याने भूषविले त्याला मराठी लिहिणे जड जात होते, असे म्हणण्याची सोय नाही. मतप्रचार करावयाचा होता म्हणावे, तर त्या कामासाठी त्यांनी १९१८ सालीच यवतमाळात ‘लोकमत’ नावाचे साप्ताहिक काढून पाहिले होते आणि वृत्तपत्राचा हेतू कसा असतो, तो सरकारच्या डोळ्यांत कसा खुपतो, याचा अनुभव गाठी बांधला होता. टिळक जाऊन कित्येक दशके लोटली होती. त्यांच्या चरित्राचे मराठीत मोठमोठे ग्रंथ झाले होते. असे असता हा वृद्ध गृहस्थ अनुष्टुभादी वृत्तांत एका माणसाचे आयुष्य पुन्हा प्रारंभापासून गुंफीत बसला. याचे कारण आपल्या परंपरेच्या परिभाषेत सांगावयाचे तर एकच संभवते. ते ऋषिऋण होते. ज्याच्यापासून आपल्याला घेतले त्याचे आपण देणे लागतो, ते सभेत भाषण करून फिटत नाही, पुतळा उभारूनही फिटत नाही, आणि ते फेडण्याचे एकच साधन आपल्यापाशी आहे, अशी ज्याची खात्री पटली त्याला ‘मी का लिहू’ हा प्रश्न पडत नाही. त्याला फक्त ‘मी वेळेत पुरे करीन काय’ एवढाच प्रश्न पडतो.

या ठिकाणी हा प्रसंग विस्ताराने मांडण्याचे प्रयोजन असे की, लिहिण्याची उमेद आहे, भाषाही बऱ्यापैकी वश आहे, परंतु कशासाठी लिहावे हे उमजत नाही, असे सांगणारी तरुण माणसे जिल्ह्याच्या गावी, महाविद्यालयांत, वाचनालयांत आणि कविसंमेलनांच्या मागच्या रांगेत पुष्कळ भेटतात. त्यांना बहुधा जो उपदेश केला जातो तो असा की, अंतर्मुख व्हा, स्वतःला ओळखा, तुमचा हेतू तुमच्या आतच दडलेला आहे. हा उपदेश ऐकून काही जण खरोखरच आत पाहू लागतात आणि तेथे त्यांना आपल्यासारखाच एक गोंधळलेला मनुष्य बसलेला आढळतो. आमच्या मते ही दिशाच चुकीची आहे. लेखनाचा हेतू ही अंतःकरणाच्या तळाशी पुरलेली ठेव नाही. तो बाहेरून येतो, कोणाच्या तरी रूपाने येतो, आणि येतो तो मागणीदार म्हणून.

शास्त्रकारांनी या विषयाचा विचार केलेला नाही असे नाही. काश्मीरच्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या आरंभीच काव्याची सहा प्रयोजने सांगितली: यश, अर्थ, व्यवहाराचे ज्ञान, अमंगलाचे निवारण, वाचताक्षणी होणारा परम आनंद आणि प्रिय पत्नीच्या बोलण्यासारखा गोडीने केलेला उपदेश. यशासाठी त्याने कालिदासाचे उदाहरण दिले. द्रव्यासाठी श्रीहर्ष राजाकडून धन मिळविणाऱ्या धावकाचे दिले. आणि अमंगलाच्या निवारणासाठी त्या मयूर कवीचे, ज्याचे कुष्ठ सूर्याची शंभर श्लोकांनी स्तुती केल्यावर नाहीसे झाले अशी आख्यायिका आहे. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने १९४६ साली आपल्या लेखनाची कारणे एका निबंधात सांगितली, तीही भरली चारच: अहंता, सौंदर्याचा सोस, घडले ते घडल्यासारखे नोंदवून ठेवण्याची ओढ आणि राजकीय हेतू. यांतला शेवटचा हेतू जेथे जेथे नव्हता तेथे तेथे आपले लेखन निर्जीव झाले, अशी कबुलीही त्याने देऊन ठेवली आहे. दोन्ही याद्या प्रामाणिक आहेत. पण त्या लिहिणाऱ्या माणसाच्या पदरात काय पडते किंवा मनात काय चालते ते सांगतात. ज्याच्या पदरात अद्याप काहीच पडलेले नाही त्याने सुरुवात कोठून करावी, हे त्यांतून कळत नाही. फडके आणि खांडेकर यांच्या नावाने आपल्याकडे कलेसाठी कला की जीवनासाठी कला, असा जो वाद वर्षानुवर्षे गाजला त्यातही पक्ष दोन होते आणि आवेश उदंड होता, परंतु नवशिक्याच्या हाती लागेल असे त्यात थोडेच होते. मम्मटाच्या यादीतील चौथे प्रयोजन मात्र यवतमाळ जिल्ह्यात बसून वाचले असता मन क्षणभर थबकते, कारण येथील अमंगल हे आख्यायिकेतले नाही.

हा जिल्हा काळ्या मातीचा आणि कापसाचा. वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या मधला हा प्रदेश पांढऱ्या सोन्याचा मुलूख म्हणून एके काळी मिरवला. त्या सोन्याची वाहतूक व्हावी म्हणून मूर्तिजापूर ते यवतमाळ अरुंद रुळांची आगगाडी घातली गेली, जिला पुढे लोकांनी ‘शकुंतला’ असे लाडके नाव दिले. गेल्या काही दशकांत मात्र जिल्ह्याचे नाव देशाच्या वर्तमानपत्रांत येते ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात. आणि या दुःखाविषयी जिल्ह्यात सर्वांत अधिक गद्य कोणी लिहिले असेल, तर ते कादंबरीकाराने नव्हे, पत्रकारानेही नव्हे. ते महसूल खात्याने लिहिले आहे.

घरात असा मृत्यू घडला की तलाठ्याचा अहवाल होतो, पोलिसांचा पंचनामा होतो, बँकेचा दाखला मागविला जातो, कागद तहसील कचेरीतून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे रुजू होतात, आणि तेथे प्रकरणावर पात्र किंवा अपात्र असा शेरा पडतो. पात्रतेच्या कसोट्या ठरलेल्या आहेत. जमिनीचा सातबारा मृताच्या वा त्याच्या कुटुंबीयाच्या नावे आहे काय. कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे वा परवानाधारक सावकाराचे आहे काय. ते फेडता न आल्याने आणि परतफेडीच्या तगाद्यामुळे हे घडले काय. या तिन्ही प्रश्नांना होकार मिळाला तर एक लक्ष रुपयांचे साह्य मंजूर होते, त्यातले तीस हजार तातडीने आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपाने. दुसऱ्याची जमीन मक्त्याने कसणारा, कृषी केंद्रातून बी-खत उधारीवर उचलणारा, सोयऱ्याधायऱ्यांकडून हातउसने घेऊन लेकीचे लग्न उरकणारा मनुष्य या चौकटीत बसत नाही. त्याच्या प्रकरणावर दुसरा शेरा पडतो. सरकारी कागदाला दोष देण्याचा येथे हेतू नाही. पैसा वाटावयाचा म्हटला की कसोटी आली, आणि कसोटी आली की तिच्या बाहेर काही माणसे राहणारच. पंचनाम्याने कादंबरीचे काम करावे, ही अपेक्षाही अन्यायाची. परंतु ज्याला लिहावयाचे आहे त्याने हे दप्तर एकदा अवश्य पाहावे, कारण या कागदाचे वाक्य जेथे संपते त्या जागेपासून पुढे सर्व लिहावयाचे शिल्लक असते. कर्जाचा आकडा कागदावर आहे. ते कर्ज कोणत्या आशेने काढले हे नाही. वारसांची नावे आहेत. त्या घरात त्या संध्याकाळी कोण कोणाशी काय बोलले हे नाही. आणि जो अपात्र ठरला त्याच्याविषयी तर कागदानेच सांगून ठेवले आहे की, याच्याविषयी आम्हांस अधिक काही म्हणावयाचे नाही.

अशा जागी उभा राहणारा लेखक हेतूच्या शोधात भटकत नाही. पी. साईनाथ यांनी शतक उलटल्यावरच्या पहिल्या दशकात विदर्भातील गावे हिंडून ‘द हिंदू’ या दैनिकात जे लिहिले त्यामागे त्यांनी स्वतः सांगितलेला एक हिशेब प्रसिद्ध आहे: २००६ साली मुंबईत सुती वस्त्रांची महती गाणारा एक फॅशन सप्ताह भरला होता, त्याचे वृत्त देण्यास पाचशेहून अधिक पत्रकार अधिकृतपणे हजर होते, आणि तो कापूस पिकविणारी माणसे ज्या प्रदेशात प्राण देत होती तेथे फिरणाऱ्या पत्रकारांची गणती हाताच्या बोटांवर होत होती. या हिशेबात संताप आहे हे खरे. पण लेखनाच्या दृष्टीने त्यात संतापाहून उपयोगाची वस्तू आहे. कोणती जागा रिकामी आहे हे त्यात मोजलेले आहे. जेथे पाचशे जण लिहीत आहेत तेथे पाचशेएकावा गेला काय, न गेला काय, कोणाचे काही अडत नाही. जेथे कोणीच नाही तेथे गेलेल्याला ‘तुमचा हेतू काय’ असे विचारण्याची गरज गावकऱ्यांनाही वाटत नाही.

नागपूरचे पत्रकार जयदीप हर्डीकर यांनी पुढे याच जिल्ह्यातील हिवरा गावच्या रामराव नावाच्या शेतकऱ्यावर एक संपूर्ण पुस्तक लिहिले. ते २०२१ साली इंग्रजीत निघाले. त्याची बांधणी विचार करण्याजोगी आहे. जिल्ह्यात मेलेल्यांचे आकडे त्यांच्यापाशी होते, दौऱ्यांच्या वह्या होत्या, धोरणांचे ज्ञान होते. असे असता त्यांनी जो वाचला त्याचा माग घेतला. आत्महत्येच्या प्रयत्नातून जगलेला एक मनुष्य, त्याचे शेत, त्याची देणी, त्याच्या लेकी, पुढची अनेक वर्षे. आकड्यांनी वाचकाची मान हलते. एका माणसाची वर्षांमागून वर्षे सरत जाताना पाहिली की वाचकाला बाजूला होता येत नाही. हजारोंविषयी लिहावयाचे असले तरी लेखकाला देणे एकाच्याच नावे मांडावे लागते, हे तंत्र या पुस्तकात दिसते, आणि तसे पाहिले तर अण्यांनीही तेच केले होते. एका पिढीचा इतिहास त्यांनी एका माणसाच्या नावे मांडला.

यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने दोन झाली, आणि दोन्हींचा विचार या संदर्भात मनात आल्यावाचून राहत नाही. पहिले १९७३ साली, ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली. म्हणजे ज्या वर्षी अण्यांच्या काव्याला पुरस्कार मिळाला त्याच वर्षी. दुसरे, अनुक्रमाने ब्याण्णवावे, २०१९ च्या जानेवारीत, अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. या दुसऱ्याच्या उद्‌घाटनासाठी ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण ऐन वेळी मागे घेतले गेले, त्यावरून गदारोळ उठला, अनेक साहित्यिकांनी पाठ फिरविली, साहित्य महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, आणि सहगल यांचे लिहून तयार असलेले भाषण मंडपात वाचले न गेल्यामुळेच की काय, मंडपाबाहेर सर्वत्र वाचले गेले. लेखन दाबू पाहणारे लोक त्याचे किती मोठे प्रकाशक असतात, याचे हे एक ताजे उदाहरण. निमंत्रण मागे घेण्याचा तो प्रकार मराठी साहित्यव्यवहाराला शोभणारा नव्हता, हे येथे स्पष्ट नमूद करणे इष्ट.

पण त्या रिकाम्या झालेल्या जागी जी स्त्री उभी राहिली तिच्याकडे त्या गदारोळात द्यावे तितके लक्ष दिले गेले नाही. कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसविलेल्या ‘तेरवं’ या नाटकात त्या भूमिका करीत. त्या नाटकाचे वैशिष्ट्य असे की, मागे राहिलेल्या बायांची कथा त्यात अशाच बाया रंगमंचावर उभ्या राहून सांगतात. अडचणीला दूरची नव्हे, गल्लीतलीच बाई कामी येते, अशा आशयाचे एक वाक्य उद्‌घाटनाच्या भाषणात त्या बोलून गेल्या, ते ऐकून हसू यावे. परंतु पुढचे भाषण हसण्याजोगे नव्हते. पुरुष गेल्यावर मागे राहिलेल्या बाईला शेत, सासर, लेकरे, सरकारी कागद आणि लोकांची नजर यांतून वाट कशी काढावी लागते, हे त्यांनी ज्या साधेपणाने मांडले तो साधेपणा कमावलेल्या शैलीला सहसा साधत नाही. त्यांना विषय शोधावा लागला नव्हता. उलट विषयाने त्यांना शोधून काढून मंडपात आणून उभे केले होते. मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. दुःख भोगणे आणि दुःख सांगता येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये तालमींचे दिवस असतात. नाटककाराने शब्द दिले, दिग्दर्शकाने उभे राहण्याची रीत दिली, प्रयोगांनी आवाज दिला. हेतू कितीही जबर असला तरी तो वाक्यरचना शिकवीत नाही.

येथवरच्या विवेचनावरून कोणाची अशी समजूत होण्याचा संभव आहे की, हेतू म्हणजे सुतकी चेहरा, आणि दुःखाखेरीज दुसरा विषयच लेखकाला वर्ज्य. तसे असते तर भाऊसाहेब पाटणकरांचे काय करावे, असा प्रश्न पडेल. हे यवतमाळचेच वकील, १९०८ चा जन्म, शिकारीचे शौकीन, आणि मराठीत शायरीची मैफल जमविणारे रसिकाग्रणी. उर्दूची नजाकत आणि वऱ्हाडी माणसाचा मिस्कीलपणा यांची त्यांनी अशी सांगड घातली की, प्रेम, मद्य आणि प्रत्यक्ष मृत्यू यांच्याकडे बघून हसण्याची सोय मराठी श्रोत्याला प्रथमच इतक्या खानदानी थाटात उपलब्ध झाली. त्यांच्या एका संग्रहाचे नावच ‘दोस्तहो’ आहे. कोणाचे देणे ते फेडीत होते, हे त्या संबोधनात उघड आहे: समोर बसलेल्या माणसाचे, त्याने घरदार सोडून येऊन दिलेल्या त्या संध्याकाळचे. मैफलीतल्या श्रोत्याला रिकाम्या हाताने परत न पाठविणे हाही भरभक्कम हेतू आहे, आणि पुष्कळ गंभीर लेखकांना तो जन्मभर साधत नाही.

शंकर बडे यांचा मार्ग याहून निराळा. ‘इरवा’, ‘सगुन’ या संग्रहांचे हे लोककवी २०१६ साली निवर्तले, पण त्यांच्या ‘बॅरिस्टर गुलब्या’ या एकपात्री प्रयोगाचे नाव काढले की अजूनही जिल्ह्यातील जाणत्या माणसांच्या चेहऱ्यावर हसू उमटते. डवरणीला जाणारा, पऱ्हाटीवरच्या बोंडअळीला शिव्या घालणारा, कचेरीत गेल्यावर मात्र पुस्तकी मराठी बोलण्याचा केविलवाणा प्रयत्न करणारा जो वऱ्हाडी माणूस, त्याची बोली व्यासपीठावर ताठ मानेने उभी करणे हे त्यांनी आपले काम मानले. त्यांचे देणे व्यक्तीचे नव्हते, भाषेचे होते.

आता या सर्व विवेचनाला एक उलट बाजू आहे आणि ती लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. हेतूने लेखन पेटते तसे हेतूने लेखन करपतेही. ग्रामीण दुःखावरच्या कवितांचे संग्रह दर वर्षी निघतात. त्यांतील पुष्कळांत शेतकरी हा पोशिंदा असतो, ढग निष्ठुर असतात, सावकार काळा असतो आणि कवी मात्र कोठेच नसतो. असे का होते? आमच्या समजुतीने, हेतूला निवडीचा अधिकार द्यावा, निष्कर्षाचा देऊ नये, हे पथ्य तेथे मोडलेले असते. कोणाविषयी लिहावे, कोणता कागद उलगडावा, कोणाच्या ओसरीवर जाऊन बसावे, हे हेतूने ठरवावे. तेथे गेल्यावर काय दिसेल, हे त्याने आधी ठरवू नये. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा त्यांच्या हेतूविषयी कोणाला शंका असण्याचे कारण नव्हते. नावातच तो हातात चाबूक घेऊन उभा होता. तरीही त्या ग्रंथात शेतकऱ्याच्या घरातील भांडी, लग्नातील खर्च, कालव्याच्या पाण्याची पट्टी, जंगल खात्याने बंद केलेली गायराने आणि खुद्द शेतकऱ्याचे अज्ञान यांचे जे बारकाव्याचे वर्णन येते ते घोषणा लिहिणाऱ्याला येणारे नव्हे. त्यासाठी पाहावे लागते. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या ‘दीनबंधू’त त्याची पहिली दोन प्रकरणे छापली गेली आणि पुढचे छापण्यास संपादक कचरले. संपूर्ण ग्रंथ जोतीरावांच्या हयातीत छापून निघाला नाही. त्यांनी तो ठिकठिकाणी वाचून दाखविला, बडोद्यास सयाजीराव गायकवाडांपुढेही त्यातील भाग वाचला. छापखाना मिळाला नाही म्हणून ज्याचे लेखन थांबले नाही त्याचा हेतू कोणत्या जातीचा होता, हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही. आणि आपले लेखन एकदोन ठिकाणांहून साभार परत आले म्हणजे ज्यांची उमेद खचते त्यांनी ही हकिगत मनात ठेवण्यास हरकत नाही.

मग प्रत्यक्षात करावे काय? एखाद्या जिल्ह्याच्या गावी बसलेल्या, नोकरी सांभाळून रात्री तासभर लिहू पाहणाऱ्या माणसाने आपला मागणीदार ओळखावा कसा? यासाठी फार मोठ्या साधनेची आवश्यकता आहे असे वाटत नाही. आपल्याला लिहावयाच्या मजकुरावाचून कोणाचे काही अडते काय, हा प्रश्न स्वतःला विचारावा, आणि ‘समाजाचे’, ‘मराठी साहित्याचे’ अशी ढोबळ उत्तरे रद्द समजावीत; उत्तरात माणसाचे नाव आले पाहिजे, किंवा गावाचे, किंवा निदान अशा एखाद्या कामाचे की जे जाणणारे आता मोजकेच उरले आहेत. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली, तेव्हा हे उत्तर त्यांच्यापाशी एका शब्दाचे होते. बहुतेकांपाशी ते इतके सरळ नसते, म्हणून थोडी चौकशी करावी लागते. आपण कोणते घेतले आणि परत केले नाही, याचा हिशेब मांडला की नावे सापडू लागतात: शिकविलेला गुरुजी, वाढविलेली आत्या, ज्याच्या घामावर आपले शिक्षण झाले तो सालगडी.

यवतमाळपुरते बोलावयाचे तर अशा नावांचा तुटवडा नाही. ‘शकुंतला’च्या रुळांवर ज्यांनी उमर काढली ती माणसे थकत चालली आहेत, आणि त्या गाडीविषयी जे लिहिले जाते ते तिच्या इंग्रज मालक कंपनीच्या नवलाईवरच येऊन थांबते; रूळ तपासत उन्हातून चालणाऱ्या गँगमनची हकिगत त्यात नसते. कापसाच्या जिनांत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या बाया आहेत. पुसद-दिग्रसकडचे बंजारा तांडे आहेत, जेथून मुख्यमंत्री झालेल्या वसंतराव नाईकांचे चरित्र सर्वांना ठाऊक आहे, पण त्याच तांड्यावरून ऊसतोडीला जाणाऱ्यांचे कोणास ठाऊक नाही. मारेगाव, झरी-जामणी, केळापूर या तालुक्यांत कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. तेथील म्हातारी माणसे आपसांत कोलामी बोलतात, त्या बोलीला स्वतःची लिपी नाही, मुलांची शाळा मराठीत भरते, आणि आजीने सांगितलेली गोष्ट नातवाला निम्मीशिम्मीच कळते. ती गोष्ट उतरून घेण्यास कोणी वही घेऊन बसला तर हेतूची चर्चा करण्यास त्याला फुरसत मिळणार नाही. त्याला आधी आजीच्या सवडीची वेळ विचारून घ्यावी लागेल, कारण वेचणीचे दिवस असले म्हणजे ती झुंजूमुंजूलाच शेतावर गेलेली असते आणि मजुरी वेचलेल्या कापसाच्या वजनावर मिळत असल्यामुळे दिवस मावळेपर्यंत परत येत नाही.